वरच्या फळीवरचे डबे

सासूबाईंचा शिरस्ता ठरलेला: स्वस्ताईत डाळतांदूळ भरून ठेवायचे, जुने आधी संपवायचे आणि वरच्या फळीवरच्या डब्यांना हात लावायचा नाही. "अडीनडीला असू देत," त्या म्हणायच्या. नवऱ्याची नोकरी गेली, खालच्या डब्यांनी तळ गाठला, तेव्हा सुनेने वरचा एक उतरवला. चांगलाच जड होता. उघडला, तर आत वाळू! सासूबाई ओशाळल्या. "तुझ्या सासऱ्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा भरली. रिकामे डबे वाजले असते, तर पोर धास्तावलं असतं. त्याला सांगू नकोस." नवरा दारातच उभा होता. "आई, मला तेव्हाच कळलं होतं. भूक लागली म्हणून फळीवर चढलो होतो." "मग बोलला का नाहीस?" "मी निर्धास्त दिसलो, तरच तुला झोप लागायची." जिन्यात शाळकरी लेकीची पावलं वाजली. सुनेने झाकण घट्ट लावून डबा पुन्हा वर ठेवला.