शेवटच्या गुणाची टाळी

समोरून आलेला चेंडू रेषेबाहेर पडला, पंचांनी "आऊट" पुकारलं आणि निनाद-यशोधन पुरुष दुहेरीचे विजेते ठरले. पण नेटपाशी उभ्या यशोधनच्या रॅकेटला चेंडू चाटून गेल्याचा बारीकसा आवाज मागे उभ्या निनादने स्पष्ट ऐकला होता. म्हणजे गुण खरा समोरच्यांचा.

यशोधन हसत वळला आणि त्याने टाळीसाठी हात पुढे केला. गुण मिळो की जावो, प्रत्येक वेळी टाळी द्यायची, हा दोघांचा सांगलीच्या मातीच्या कोर्टापासूनचा नेम. आज निनादला त्या हाताची शिसारी आली.

"लागला ना रे तुला?"

यशोधनने तोंडापुढे रॅकेट धरली. समोरच्या जोडीला मराठीचा गंधही नव्हता, तरी कोर्टवर कुजबुजायचं ते असंच.

"लागला. मग?"

"लाज नाही वाटत? थांब, पंचांनाच सांगतो."

"सांग की! आणि उपांत्य फेरीत तू उचललेल्या त्या चेंडूचे आधीच दोन टप्पे पडले होते, तेही सांग. मी नेटजवळून बघत होतो. बोललो का काही?"

ते कुणीच पाहिलं नाही, अशी निनादची खात्री होती.

पंच खुर्चीवरून उतरत होते. यशोधनचा हात अजून पुढेच होता.

निनादने टाळी दिली. तळवा चिकट, ओलाकच्च झाला. त्याने तो शॉर्ट्सला पुसला, पुन्हा खसाखसा पुसला. घाम नुसता यशोधनचा असता, तर एव्हाना गेला असता.