खुणेबाहेरचं सोनं

प्रयोगशाळेत दगड तपासणाऱ्या मुलीने त्याच्यावरच्या लाल खुणेतला पिवळा ठिपका सुईने दाबला. त्याचा चुरा झाला.

"काकू, हे सोनं नाही. लोखंड आणि गंधक. भल्याभल्यांना फसवतं."

काकूंना हायसं वाटलं आणि लगेच हायसं वाटल्याची लाजही वाटली. खूण नवऱ्याने केलेली. नोकरी सोडून, सगळ्यांची बोलणी खाऊन, उमेदीची वर्षं डोंगर फोडण्यात घालवून आणलेला हा पांढऱ्या गारगोटीचा दगड. डॉक्टरांनी चढायला बंदी केली तरी ऐकेनात. शेवटी काकूंनी शब्द घेतला होता: हा खोटा निघाला तर डोंगराचं नाव काढायचं नाही. आणि आता ते बाहेर पायरीवर बसले होते.

"बरं झालं," म्हणत काकूंनी दगड उचलला.

"थांबा थांबा!" मुलीने तो परत घेतला. पार कडेला, गंजासारखा डाग पडलेल्या फटीत, केसाएवढा पिवळा धागा होता. तिने दगड तिरका केला, मग ओंजळीच्या सावलीत धरला. पिवळेपणा हटला नाही. सुई टोचली. चुरा नाही; मेणात पडावी तशी बारीक खळी.

"हे मात्र सोनं. गारगोटीतच जन्मलेलं."

"अगं, आत्ता तर नाही म्हणालीस!"

"ते नाही. हे आहे."

"मग ह्यांचं बरोबर की चूक?"

मुलगी गोंधळली. "दगड बरोबर... ठिपका चूक."

"आणि आहे तरी किती?"

"ह्याची अंगठीसुद्धा होणार नाही. पण जिथून आणला, तिथे आणखी असेल. नसेलही."

दारापर्यंत जाताना काकूंनी 'आहे' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरं मनात घोळवून पाहिली. दोन्ही खरी होती, आणि एकही धड सांगता येईना.

काकूंना दारात पाहून ते पायरीवरून उठले.

"अहो, तुम्ही खूण केलीत ना," काकू चाचरल्या, "ते सोनं नाही."

आता हे भडकणार, मुलीशी भांडायला आत जाणार, म्हणून काकू दार अडवून उभ्या राहिल्या. ते मात्र लांब श्वास सोडून मटकन पायरीवर बसले.

"सुटलो गं बाई! मला वाटलं, आता परत चढावं लागतंय."

काकूंच्या ओठांवर आलेलं "पण" तिथेच अडकलं. ते बुटांच्या नाड्या सोडत होते. बूट, मोजे बाजूला ठेवून त्यांनी पांढरीफटक पावलं उन्हात पसरली आणि ते एकेक बोट हलवून बघू लागले.