ठिगळांची बाजू

चर्चच्या वेदीवरची कापडं धुऊन, इस्त्री करून अंथरण्याचं काम सासूबाईंनी एकतीस वर्षं केलं आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर सुनेकडे सोपवलं. कोणत्या रविवारी कोणत्या रंगाचं कापड, असा अख्ख्या उपासना-वर्षाचा तक्ता सुनेने करून फ्रिजवर चिकटवला. दूध काढायला गेलं तरी बावन्न रविवार अंगावर यायचे.

"आई, माझ्याच्याने नाही होणार. जांभळं, पांढरं, लाल, हिरवं. एखादा रविवार चुकला तर तुमचं नाव जाईल."

"अगं, वेदीवर एका वेळी एकच कापड असतं. बाकीची कपाटात गप्प पडून असतात. तू या रविवारचं बघ."

या रविवारी हिरवं होतं. नाताळ-ईस्टरचं पांढरं कोरं करकरीत, पण साध्या रविवारांचं हे हिरवं वापरून वापरून विटलेलं, एका बाजूला ठिगळं लावलेलं.

"ठिगळांची बाजू फादरांकडे ठेव," सासूबाईंनी बजावलं.

रविवारी प्रार्थना सुरू झाली आणि सुनेचं वेदीकडे लक्ष गेलं. सगळी ठिगळं लोकांकडे बघत होती.

शेजारीण सासूबाईंच्या कानाशी लागली, "सूनबाईंनी उलटं अंथरलंय वाटतं."

सासूबाईंनी मान ताठ केली. "आज सुलटं आहे. एकतीस वर्षं मीच उलटं अंथरत होते. ठिगळं माझी आहेत."