पाचवं मत

ऑर्विल टिमकेन पुढची रिकामी जागा सोडून थेट मागे, डायलिसिसला निघालेल्या हेझलच्या शेजारी जाऊन बसले. गाडी चालवणाऱ्या लिबी कुबाटने आरशातून ते पाहिलं. पुढे बसणाऱ्याला रस्ता दिसतो, मागे बसणाऱ्याला गाडीचा खडखडाट ऐकू येतो.

पुढे नॉर्मा ह्रुस्का बसली, मांडीवर वही उघडून. लिबीने नव्या गाडीसाठी गावच्या प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले होते, आणि त्याच्या पाच सदस्यांपैकी हे दोघे पाहणीला आले होते. लिहायचं नॉर्माने आणि विचारायचं ऑर्विलनी, असं ते आधीच ठरवून आले होते.

लिबीची ही व्हॅन सतरा वर्षांची. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघून ती गावातल्या सहा जणांना पंचावन्न मैलांवर डायलिसिसला नेई आणि दुपारी परत आणी. चालवायला लिबी आणि दोन निवृत्त शिक्षक, तिघेही बिनपगारी. येत्या हिवाळ्यात ही गाडी बर्फात काढलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही, असं मेकॅनिकने सांगून टाकलं होतं. नवी गाडी मिळाली नाही तर सहा जणांना न्यायला दुसरं काहीच नव्हतं.

"परतताना कुणी गळून गेलं तर?" मागून ऑर्विलचा पहिला प्रश्न आला.

"सीट मागे पाडते. गाडी बाजूला घेते."

"एखाद्याला गप्प बसून जायचं असेल तर?"

"तर कुणी बोलत नाही. रेडिओसुद्धा बंद."

"हेझल सोडून," नॉर्मा म्हणाली.

"मी पैसे देत नाही, म्हणून निदान गप्पा तरी देते," हेझल म्हणाली. ती आणि ऑर्विल शाळेत एका वर्गात होते. "आणि काय रे ऑर्विल, ऑगस्टच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या, बटणं लावून? चर्चमध्ये चाललायस का?"

ऑर्विल हसले नाहीत. "पहिल्या दिवशी माणूस कसा वागतो?" त्यांनी विचारलं.

"मी तर भोकाड पसरलं," हेझल म्हणाली. "लिबीने काही विचारलं नाही. घरी सोडेपर्यंत मी रडत होते आणि ती गाडी चालवत होती."

लिबीला वाटलं, म्हातारा वैगुण्य शोधतोय. पण तिला रागही येईना. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातली माणसं मरताना कुणी शेताचा तुकडा, कुणी दुकान प्रतिष्ठानाला ठेवून जातात. मूळ ठेव तशीच राहते, तिच्या वाढाव्यातून वाचनालयाचं छप्पर होतं, बालवाडी चालते. गेलेल्या शेजाऱ्यांचा पैसा जपून द्यायचा तर कुणीतरी खडूस असायलाच हवं, आणि तीस वर्षं ते काम ऑर्विल करत होते. गाव त्यांना टरकून होतं आणि त्यांच्या जिवावर निर्धास्तही होतं. त्यांच्या नियमातून कुणी सुटत नसे. ज्या अर्जातून सदस्याचा स्वतःचा काही लाभ असेल, त्या अर्जाच्या वेळी त्याने मत न देता बाहेर जायचं, हा नियमही त्यांचाच.

पोचल्यावर लिबीने डबा उघडला. तिने पहाटे जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, भाजले होते. नॉर्माने लागोपाठ दोन संपवले. ऑर्विलनी डब्याला हात लावला नाही. कॉफीसुद्धा घोटभर घेऊन ठेवून दिली.

"अर्जदाराचं काही खात नाहीत ते," नॉर्मा बोटं चाटत म्हणाली. "माझं मन एवढं कणखर नाही."

लिबीने मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला आणि चार शिव्याही घातल्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी बैठक होती. नॉर्मा आणि आणखी एक जण गाड्यांसाठी पैसे देण्याच्या विरोधात आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दोघे बाजूने होते. समान मतं पडली की अर्ज बाद. म्हणजे सगळं ऑर्विलवर येऊन ठेपलं होतं. लिबी बाहेरच्या बाकावर बसून नखं खात होती.

तिचा अर्ज पुकारला गेला आणि दार उघडून ऑर्विल बाहेर आले. ते तिच्या शेजारी बसले.

"तुम्ही इथे?" लिबी म्हणाली. "आत माझा अर्ज चाललाय!"

"हो."

"मग मत?"

"मी देणार नाही."

लिबीचा बांध फुटला. "दिवसभर माझ्या गाडीत बसलात, नाही नाही ते विचारलंत आणि आता काढता पाय? दोनास दोन झाले की संपलं! हेझलला काय सांगू? विरोध करायचा तर आत बसून करायचा होता. हात वर करायलाही जिवावर आलं तुमच्या?"

ऑर्विलनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मातकट दिसत होता.

"एका मताने पडेल अर्ज," ते म्हणाले. "ठाऊक आहे मला. मीही रात्रभर तेच मोजत होतो."

"मग जा ना आत!"

"नाही जाता येत."

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि नॉर्मा दारात आली. तिचे डोळे लाल होते.

"मंजूर," ती म्हणाली. "चारही मतं. हेझलचं पहिल्या दिवसाचं वाचून दाखवलं मी, आणि मग माझाच हात आधी वर गेला. एवढ्यात हुरळून जाऊ नकोस, दर तीन महिन्यांनी अहवाल लागेल."

लिबी रडता रडता हसली, नॉर्माच्या गळ्यात पडली आणि मग ऑर्विलकडे वळली. "मिस्टर टिमकेन, मी फार बोलले तुम्हाला."

"बोललीस खरी." ते बाकाच्या पाठीला धरून सावकाश उठले. "पण त्या दिवशी एक विचारायचं राहून गेलं, पोरी."

"विचारा ना."

"सोमवारपासून साडेसहाला मी घराच्या फाटकाशी येऊन थांबू, की तू दारापर्यंत येतेस?"