फॉन्टसकट

ओमकारला येताना पाहून सलोनीने पडद्यावरची फाइल पटकन बंद केली.

"काय करतंस गो?"

"काय नाय, दादा. घरचा जरासा काम."

टायपिंगला ठेवलेली पोरगी, आणि घरचं काम दुकानाच्या संगणकावर! मालवणच्या बाजारातलं हे छपाईचं दुकान ओमकारने घाम गाळून उभं केलं होतं. हल्ली ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा लग्नपत्रिका कणकवलीहून छापून आणत होती. काल सलोनी कणकवलीच्याच छापखान्याशी फोनवर कुजबुजत होती. पाणी कुठे मुरतंय ते ओमकारला कळलं.

घरी त्याने बायकोला सांगितलं, "सलोनी आमची डिझायना थंय विकता."

"तुमका सगळीकडे चोरच दिसतत," शेवंती माळ्यावरून उतरत म्हणाली.

"माळ्यार काय शोधतंस?"

"वाळवी लागली काय बघी होतंय."

"माज्या भजनांचे वह्ये आसत थंय. सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सलोनी जेवायला गेली, तसा ओमकार तिच्या खुर्चीत बसला. पीडीएफ करताना फॉन्ट फाइलसोबत पाठवायचा, की नाही, यासाठी एक बारीक टिक असते. ती असली की कुठल्याही संगणकावर अक्षरं जशीच्या तशी. नसली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. त्याने टिक काढली. छापा म्हणावं आता पत्रिका! त्याला फार बरं वाटलं.

दुपारी सलोनीने फाइलची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घेतली. "दादा, आज वायच लवकर जातंय."

"जा गो, जा," ओमकार गोड हसला. ती गेल्यावर त्याने टिक पुन्हा लावून ठेवली.

देवीच्या जत्रेच्या सकाळी त्याचे वडील, दाजी, काठी टेकत दुकानात आले. मागे शेवंती आणि सलोनी, दोघी हसू दाबत. दाजींच्या काखेत कणकवलीहून एसटीने आलेलं पार्सल होतं. सुतळी तशीच.

"गाठ तूच सोड," दाजी म्हणाले. "जल्मभर लोकांची पुस्तका छापलंस, आपला एक नाय. शेवंतीन वह्ये काडल्यान, सलोनीन टाइप केल्यान. माका आता दिसणा नाय. पयला भजन तूच वाचून दाखव."

ओमकारने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर त्याचा फोटो छान आला होता. त्याखाली पानभर, ओळीमागून ओळी, रिकामे चौकोन.