काचेवरचं शेवाळ

चहाच्या चोथ्याखाली, कागदात गुंडाळलेली मेलेली गोगलगाय वामनरावांना पुन्हा सापडली.

म्हणजे कोणीतरी लपवत होतं.

हॉलच्या कोपऱ्यातली माशांची टाकी हा त्यांचा निवृत्तीनंतरचा एकमेव उद्योग. उन्हाळ्यात काचा शेवाळाने हिरव्यागार झाल्या, तेव्हा मुलगा सौरव म्हणाला होता, "बाबा, विकून टाकू. रितिकाचं काम घरूनच चालतं, तिथं तिचं टेबल लागेल." शेवटचा उपाय म्हणून त्यानेच गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी शेवाळ खाऊन काचा लख्ख केल्या. टाकी वाचली.

गोगलगायी गेल्या, की टेबल येणार होतं.

"सून गोगलगायी मारून राहिली म्हणता?" त्यांची बायको इंदुताई मेथी निवडत म्हणाल्या. "जा मंग पोलिसात."

"हसू नको वं. पहिल्या दिवशी गोगलगायी पाहून 'शी' कोण म्हणालं होतं?"

"मी बी म्हटलं होतं. मले काहून नाही धरत?"

वामनराव उठून देवघरात गेले. पूजा आटोपून त्यांनी नेहमीप्रमाणे देवापुढच्या तांब्याच्या कलशात रात्रभर राहिलेलं पाणी टाकीत ओतलं. नळाच्या पाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मग पेपर उघडून त्याच्याआडून नजर ठेवली.

दुपारी रितिका आली. इकडेतिकडे पाहिलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"काय करून राहिली?"

ती दचकली. मूठ मिटली. "काही नाही बाबा. काच पाहत होते."

"मूठ उघड."

तिने उघडली नाही.

संध्याकाळी सौरव घरी येताच वामनराव म्हणाले, "टेबल पाहिजे होतं तर तोंडानं मागायचं. मुक्या जिवाले काहून मारते?"

रितिकाने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. काही बोलणार होती, बोलली नाही. वामनरावांची खात्री पटली.

सकाळी ती कोणाशी न बोलता बाहेर पडली. आता फक्त पुरावा हवा होता. वामनराव कागदाची पुडी घेऊन चौकातल्या शोभेच्या मासोळ्यांच्या दुकानात गेले. इथे ते पहिल्यांदाच येत होते. मालक नत्थूजींसमोर त्यांनी पुडी उघडली.

"मासे जगतात आणि हीच मरते, असं कोणतं औषध आहे?"

"औषध कायले पाहिजे? तांब्याच्या भांड्यातलं पाणी पुरे. मासोळी थोडं तांबं सोसते, हिले नाही सोसत." नत्थूजी हसले. "एका पोरीचे सासरे पूजेचं पाणी रोज टाकीत ओततात. म्हटलं, सांग ना त्याइले. तर म्हणे, त्याइच्यासाठी ते तीर्थ आहे काका, कसं सांगू? मेलेली गुपचूप उचलते, इथून नवी नेऊन सोडते. बाबांची टाकी राहिली पाहिजे, म्हणे."

वामनरावांनी काउंटर धरला. समोर पाण्याच्या पिशवीत दोन-तीन गोगलगायी प्लास्टिकला चिकटून वर सरकत होत्या.

"तिच्यासाठीच बांधल्या होत्या," नत्थूजी म्हणाले. "पण सकाळी बसस्टँडवरून फोन आला. माहेरी चालली, काटोलले. आता लागणार नाहीत काका, म्हणे. तुमाले पाहिजे का?"