फवारणी

"माझंच चुकलं रे, हेमंत. काल संध्याकाळी मी इथे धूप घातला," शेजारच्या वत्सलाकाकू रडवेल्या होऊन म्हणाल्या. त्यांच्या गच्चीच्या कठड्याखाली मोहोळ बसलं होतं. त्यातल्या मधमाश्या फरशीभर मरून पडल्या होत्या.

माव्याची कीड पडली म्हणून कालच हेमंतनं आपल्या बहरलेल्या लिंबावर औषध मारलं होतं. दिवसभर माश्या त्याच फुलांवर असतात, हे ठाऊक असूनही.

गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. पण काकू एकेक माशी उचलून तळहातावर घेत होत्या.

"काकू, धुपानं नाही. माझ्या फवारणीनं मेल्या."

"म्हणजे मी नाही ना मारल्या?" काकूंनी सुटकेनं त्याचा हात धरला.

त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं.